आकडा आधी, चाचणी नंतर : तारापूरच्या पाव मापाच्या इमारतीची गोष्ट

तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीभोवती काँक्रीटची जी घुमटाची आतली आवरण-इमारत आहे, तिची एक-चतुर्थांश मापाची प्रतिकृती भाभा अणुसंशोधन केंद्राने तारापुरातच उभारली. तिच्यात इंधन नाही आणि ती वीजही बनवत नाही. आतला दाब मुद्दाम वाढवत न्यायचा आणि काँक्रीट कुठे, केव्हा, कसे तडकते ते मोजायचे, एवढ्यासाठीच ती बांधली. तिचे नाव बारकॉम.

पालघर जिल्ह्यात या प्रतिकृतीबद्दल फारशी चर्चा होत नाही. संगणकावर केलेल्या हिशेबावर विश्वास कधी ठेवायचा, या प्रश्नाचे ठोस उत्तर मात्र तिच्यात आहे. पुलापासून औषध कारखान्यातल्या रिअॅक्टरपर्यंत सगळेच आता आधी संगणकावर उभे राहते आणि मग जमिनीवर, त्यामुळे हा प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे.

संगणकावरची इमारत

इमारतीचे किंवा यंत्राचे संगणकीय मॉडेल करताना तिचे हजारो, कधी लाखो लहान तुकडे कल्पायचे असतात. प्रत्येक तुकड्यावरची बले एकमेकांना तोलली पाहिजेत, शेजारचे तुकडे एकमेकांपासून सुटता कामा नयेत आणि प्रत्येक तुकड्याने काँक्रीट किंवा पोलाद जसे वागते तसे वागले पाहिजे. या अटींची समीकरणे एकत्र सोडवली की प्रत्येक ठिकाणचा ताण कळतो. हीच फायनाइट एलिमेंट पद्धत. रे क्लफ यांनी 1960 मध्ये तिला हे नाव दिले. पाण्याचा प्रवाह, उष्णता, वायूंचे मिसळणे यांचे हिशेबही असेच तुकडे पाडून होतात.

पडद्यावर रंगीत चित्र उमटले की ते खरेच वाटू लागते. म्हणून दोन शंका वेगवेगळ्या विचारायच्या. समीकरणे बरोबर सुटली का, ही पहिली. तुकडे आणखी बारीक करून उत्तर बदलते का हे पाहिले की ती बरीचशी फिटते, आणि हे काम टेबलाशी बसून होते. मुळात समीकरणे योग्य निवडली का, ही दुसरी. तिचे उत्तर कोणताही संगणक देऊ शकत नाही. ते फक्त प्रयोग देतो.

बारकॉममध्ये काय आहे

तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्या प्रत्येकी 540 मेगावॉटच्या, जड पाणी वापरणाऱ्या. चौथीत साखळी अभिक्रिया मार्च 2005 मध्ये प्रथम सुरू झाली, तिसरीत मे 2006 मध्ये. दोन्हींभोवती काँक्रीटच्या दोन आवरण-इमारती आहेत, एकीच्या आत दुसरी. आतली इमारत प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटची. अपघातात वाफ सुटून दाब वाढला, तर तो अडवून किरणोत्सर्ग बाहेर जाऊ न देणे हे तिचे काम. बारकॉम ही या आतल्या इमारतीची प्रतिकृती.

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात. निवताना ती आकसते आणि चाकाचे तुकडे कायम आवळून धरते. प्रीस्ट्रेसिंगचे तत्त्व हेच. भिंतीत आणि घुमटात पोलादी केबल ओवून त्या जॅकने ताणतात, त्यामुळे काँक्रीट आधीपासूनच आवळलेले राहते. आतून दाब आला, की आधी ही आवळ सैल होते आणि त्यानंतरच काँक्रीटवर ओढ येते.

याची गरज साध्या गणितात दिसते. संकल्पनेतला दाब (ज्यासाठी इमारत आखली तो) 0.1413 मेगापास्कल, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सुमारे 1.44 किलो. बारकॉमचा आतला व्यास सुमारे 12.4 मीटर आणि भिंतीची जाडी सुमारे 19 सेंटीमीटर. दाबाला त्रिज्येने गुणून जाडीने भागले, की भिंतीत गोलाकार दिशेने येणारी ओढ निघते : साधारण 4.6 मेगापास्कल. काँक्रीट दाबले जाणे भरपूर सोसते, पण ओढ त्याच्या जेमतेम दहाव्या भागाइतकी. आधी आवळून ठेवले नसते, तर ही भिंत संकल्पनेच्या दाबालाच तडकली असती.

पाव मापात काय टिकते, काय बदलते

मूळ इमारतीची त्रिज्या चौपट आणि जाडीही चौपट. भागाकार तोच, म्हणून समान दाबाला दोन्हीकडे ओढ सारखीच. लहान प्रतिकृतीवरून मोठ्या इमारतीबद्दल बोलता येते ते या जोरावर.

पण सगळेच चौथ्या हिश्श्यात उतरत नाही. स्वतःच्या वजनाने पायाशी येणारा दाब उंचीवर अवलंबून असतो, म्हणून प्रतिकृतीत तो पावपटच भरतो. काँक्रीटमधली ओल जाडीच्या वर्गाच्या हिशेबाने सुकते, त्यामुळे चौपट पातळ भिंत सुमारे सोळापट लवकर सुकते. खडीचा आकार चौथ्या हिश्श्यावर आणला, तर ती खडी न राहता जवळजवळ वाळू होते आणि तडा पुढे सरकण्याची रीतच बदलते.

गळतीचे गणित याहून अवघड आहे. अरुंद तड्यातून जाणारी हवा तड्याच्या रुंदीच्या घनानुसार वाढते : रुंदी दुप्पट झाली, तर गळती आठपट. म्हणजे रुंदीच्या अंदाजातली थोडी चूक गळतीच्या अंदाजात फार मोठी होऊन बसते. तारापूरच्या या आवरणाला आतून पोलादी अस्तर नाही, म्हणून काँक्रीटमधल्या तड्याचा हिशेब इथे अधिकच मोलाचा. पुढच्या 700 मेगावॉटच्या भारतीय अणुभट्ट्यांमध्ये असे अस्तर घेण्यात आले.

मॉडेलचा खरा उपयोग इथे होतो. आधी प्रतिकृतीचेच मॉडेल करायचे, तिच्याच वजनासह आणि तिच्याच खडीसह. ते चाचणीशी जुळले, की त्याच समीकरणांनी मूळ इमारतीकडे जायचे. प्रतिकृतीतला आकडा सरळ चारने गुणून पुढे जाता येत नाही.

भाकीत आधी लिहून द्यायचे

बारकॉमच्या काँक्रीटमध्ये आणि पृष्ठभागावर 1,200 हून अधिक संवेदक बसवले गेले. सळईतले आणि काँक्रीटमधले ताणणे, भिंतीचे बाहेर सरकणे आणि कलणे हे सारे नोंदवण्यासाठी. त्याहून महत्त्वाची होती रीत. देशातल्या आणि परदेशांतल्या अनेक गटांना एकच नकाशे आणि काँक्रीट-पोलादाची माहिती देऊन, ज्याने त्याने आपापल्या मॉडेलने भाकीत करावे, असे सांगण्यात आले. पहिला तडा कोणत्या दाबाला आणि कुठे पडेल? भिंतीच्या आरपार तो केव्हा जाईल? सळई कायमची केव्हा ताणली जाईल?

निकाल हाती असताना जुळणारे मॉडेल करणे सोपे असते. काँक्रीटची ओढ सोसण्याची ताकद थोडी कमी धरा, केबलचे घर्षण थोडे वाढवा, आलेख एकमेकांवर बसतात. त्यातून मॉडेल लवचीक आहे एवढेच सिद्ध होते. ते खरे आहे की नाही, हे कळत नाही. आकडा आधी लिहून देणाऱ्याला ही पळवाट राहत नाही.

अनेक गट एकत्र आल्याने आणखी एक गोष्ट हाती लागते. कोपऱ्यांपासून आणि दारांपासून दूर असलेल्या भिंतीच्या हालचालीबद्दल जाणकारांची उत्तरे सहसा जवळजवळ येतात. माणसे व यंत्रे आत नेण्याच्या एअरलॉकजवळ आणि घुमटातल्या मोठ्या झरोक्यांजवळ केबलना वळसा घालावा लागतो, भिंत जाड होते, ओढीबरोबर वाकही येतो. उत्तरे फाकतात ती तिथे. कोणत्या जागी आपले ज्ञान कच्चे आहे, हे त्या फाकण्यातून समजते.

कैगाचा धडा

कारवारजवळच्या कैगा प्रकल्पात 13 मे 1994 रोजी पहिल्या अणुभट्टीच्या आतल्या घुमटाचा खालचा थर बांधकाम चालू असतानाच सुटून कोसळला. सुमारे 130 टन काँक्रीट खाली आले. अणुभट्टीत तेव्हा इंधन नव्हते, म्हणून किरणोत्सर्गाचा प्रश्न आला नाही.

वळणदार केबल ताणली, की ती वळणाच्या आतल्या बाजूला रेटते. त्यामुळे घुमटाच्या जाडीच्या दिशेने थर एकमेकांपासून सोडवू पाहणारी ओढ निर्माण होते. पातळ कवचाचे नेहमीचे मॉडेल जाडीच्या दिशेचा ताण शून्य धरूनच चालते. असे मॉडेल कितीही बारीक तुकड्यांनी सोडवले, तरी ही ओढ त्यात दिसणार नाही, कारण ती समीकरणातच नाही. कैगाचा घुमट पुढे नव्या संकल्पनेने, अधिक ताकदीच्या काँक्रीटने पुन्हा बांधला गेला.

न्यू मेक्सिकोतली चाचणी

अमेरिकेत सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत जपानच्या ओही येथील तिसऱ्या अणुभट्टीच्या आवरणाची अशीच एक-चतुर्थांश प्रतिकृती बांधली होती. तिला पोलादी अस्तर होते. सप्टेंबर 2000 मधल्या चाचणीत संकल्पनेच्या सुमारे अडीचपट दाबाला अस्तर फाटून गळती लागली. 3.3 पटीला गळती इतकी वाढली, की नायट्रोजन भरून दाब पुढे नेता येईना. नोव्हेंबर 2001 मध्ये पाणी भरून पुन्हा दाब दिला, तेव्हा 3.6 पटीला भिंत फुटली.

भिंतीची ताकद पुष्कळ होती, पण इमारतीने आपले काम सोडले ते गळतीने. अस्तराच्या फाटी वेल्डिंगपाशी सापडल्या, जिथे घासून किंवा दुरुस्त करून पत्रा पातळ झाला होता. नकाशात जाडी एकसारखी होती आणि मॉडेलनेही तीच धरली होती. वेल्डरच्या हातून बदललेला तो मिलिमीटरचा अंश फक्त प्रयोगाने दाखवला.

हायड्रोजनचा प्रश्न

मार्च 2011 मध्ये फुकुशिमात इंधनाच्या झिर्कोनियम नळ्यांची तापलेल्या वाफेशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन निघाला आणि इमारतींत स्फोट झाले. तारापूरच्या 1969 मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्याही जनरल इलेक्ट्रिकच्याच, पाणी उकळून वाफ करणाऱ्या प्रकारच्या. त्यामुळे हा प्रश्न इथे दूरचा नव्हता.

हवेत हायड्रोजन सुमारे 4 टक्क्यांवर गेला, की तो पेट घेऊ शकतो. उपाय म्हणजे प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचा थर दिलेल्या पट्ट्या. त्यांच्यावर हायड्रोजन आणि ऑक्सिजन विजेशिवाय, शांतपणे एकत्र येऊन वाफ होते. एका पट्टीचा वेग छोट्या प्रयोगात मोजता येतो. मोठ्या इमारतीत वाफ आणि हायड्रोजन कुठे साचतील आणि पट्ट्यांच्या उष्णतेने हवा किती खेचली जाईल, हे मात्र प्रवाहाच्या संगणकीय मॉडेलनेच काढावे लागते. ते मॉडेल पडताळण्यासाठी तारापुरात स्वतंत्र चाचणी-केंद्र उभारले गेले.

एमआयडीसीतल्या रिअॅक्टरपर्यंत

हाच नियम तारापूर एमआयडीसीच्या रासायनिक कारखान्यांना तितकाच लागू आहे. प्रयोगशाळेत 1 लिटरच्या फ्लास्कमध्ये अभिक्रिया सुरळीत चालते. तीच 1,000 लिटरच्या रिअॅक्टरमध्ये नेली, की उष्णता हजारपट निर्माण होते, पण थंड करणारा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. लिटरमागे थंडावा दहावा हिस्सा उरतो. अभिक्रियेचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो, जॅकेटमधून निघणारी उष्णता मात्र तापमानाच्या फरकाच्या प्रमाणातच वाढते. निर्माण होणारी उष्णता निघणाऱ्या उष्णतेच्या वर गेली, की बॅच हाताबाहेर जाते.

फ्लोरिडातल्या टी-2 कारखान्यात 19 डिसेंबर 2007 रोजी थंडावा बंद पडला. तापमान 199 अंशांपलीकडे गेल्यावर मालकांना ठाऊकच नसलेली दुसरी, अधिक उष्ण अभिक्रिया सुरू झाली. स्फोटात चौघे गेले. उष्णतेच्या हिशेबात ती अभिक्रिया नव्हती. असे मॉडेल बरोबर करायचे, तर आधी कॅलरीमीटरमध्ये ते मिश्रण थंडावा न देता तापू द्यावे लागते आणि ते कुठपर्यंत जाते ते मोजावे लागते. ही चाचणी थोड्या ग्रॅमवर होते. तिचा खर्च एका अपघाताच्या तुलनेत नगण्य आहे, आणि मोठी बॅच घेण्याआधी ती प्रत्येक कारखान्याने करायलाच हवी.

नागरिकांनी विचारायचे तीन प्रश्न

तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांनी गाव सोडले. एमआयडीसीच्या कुंपणालगत आजही वस्ती आहे. संगणकावर तपासले आहे, असे या लोकांना सांगितले जाते, तेव्हा त्यांना तीन प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. मॉडेलने काय गृहीत धरले आणि काय वगळले? ते कोणत्या प्रयोगाशी ताडून पाहिले? भाकीत चाचणीआधी लिहिले होते की नंतर? तिन्हींची उत्तरे मिळाली, तर हिशेबावर विश्वास ठेवायला आधार आहे. तिसऱ्याचेच उत्तर नसेल, तर विश्वास राखून ठेवलेला बरा.

पालघर-बोईसरच्या अभियांत्रिकी आणि पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांना ही शिस्त आजच लावून घेता येईल. 1 लिटर आणि 20 लिटर गरम पाणी एकाच घाटाच्या लहान-मोठ्या भांड्यांत घ्या आणि एका तासाने प्रत्येकाचे तापमान किती असेल, ते गणिताने काढा. आकडा कागदावर लिहा, तारीख घाला, सही करा. त्यानंतरच थर्मामीटर लावा. फरक आला, तर आकडा खोडू नका. उघड्या पृष्ठभागावरून उडालेली वाफ हिशेबात धरली होती का, ते आधी पाहा. धरली नसेल, तर समीकरणात ती घाला, नव्या तापमानाचे नवे भाकीत लिहा आणि पुन्हा मोजा.