सायकलीच्या रिमला छिद्रे पाडून वजन घटविणे : यांत्रिकीच्या दृष्टीने एक चिकित्सा

बीजशब्द : सायकल, रिम, गतिज ऊर्जा, प्रतिबल, धातूचा शिणवटा, प्रचक्र, नागपूर.

प्रस्तावना :

सायकलीचे वजन कमी करण्याची इच्छा सायकलीइतकीच जुनी आहे. १९७० च्या दशकात युरोपातील शर्यतींच्या सायकलींवर ब्रेकच्या मुठी, दातेरी चक्रे, हँडल अशा जवळजवळ प्रत्येक भागाला ड्रिलने छिद्रे पाडण्याची लाट आली होती. बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स याने २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटी येथे एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला. त्यासाठी एर्नेस्तो कोल्नागो यांनी घडविलेली सायकल सहा किलोग्रॅमहूनही हलकी होती आणि तिची साखळी व हँडलसुद्धा छिद्रांकित होते. या सायकलीने वजन घटविण्याच्या छंदाला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. तथापि मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे, तेथील विरळ हवेचा रोध कमी असतो आणि सपाट धावपट्टीवरील विक्रमात हाच घटक वजनापेक्षा कितीतरी प्रभावी ठरतो, ही बाब मात्र सहसा दुर्लक्षिली गेली.

छिद्रे पाडण्याचा मोह सर्वाधिक होतो तो चाकाच्या रिमबाबत. कारण 'फिरणारे वजन दुप्पट मोजावे' हे वचन सायकलपटूंमध्ये रूढ आहे. या वचनात तथ्य किती, रिमला छिद्रे पाडल्याने नेमके काय साधते आणि काय गमावले जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. नागपूरच्या संदर्भात हा विषय दोन कारणांनी महत्त्वाचा आहे. येथील डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत एकट्याने, १२ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली आणि शहरातील तरुणांत दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगविषयी आस्था वाढविली. दुसरे असे की, परिघावरील वस्तुमानाचा अगदी उलट, म्हणजे विधायक उपयोग करणारे पायडलचलित यंत्रही नागपुरातच विकसित झाले आहे.

परिघावरील वस्तुमानाचे गणित :

चालत्या सायकलीच्या सांगाड्यातील प्रत्येक कण केवळ पुढे सरकत असतो. रिममधील कण पुढे सरकतो आणि त्याच वेळी आसाभोवती फिरतोही. चाक न घसरता चालत असेल तर रिमचा आसाभोवती फिरण्याचा वेग सायकलीच्या वेगाइतकाच असतो. त्यामुळे रिममध्ये पुढे जाण्याची गतिज ऊर्जा आणि तितकीच फिरण्याची गतिज ऊर्जा साठते. वेग वाढविताना रिममधील एक ग्रॅम हा सांगाड्यातील दोन ग्रॅमएवढा भरतो, तो या अर्थाने.

मात्र हे दुपटीचे तत्त्व केवळ वेग बदलतानाच लागू पडते. समान वेगाने चालताना त्याचा प्रभाव नाही. चढावर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वजन उचलावे लागते, तेथे रिममधील ग्रॅम आणि सांगाड्यातील ग्रॅम सारखेच. 'दुप्पट' हे वचन सत्य असले तरी त्याचे क्षेत्र मर्यादित आहे.

आता प्रत्यक्ष बचत पाहू. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची घनता सुमारे २.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते. ३२ आऱ्यांच्या दुहेरी भिंतीच्या रिमला, प्रत्येक दोन आऱ्यांच्या मध्ये, ८ मिलिमीटर व्यासाचे छिद्र दोन्ही भिंतींतून आरपार पाडले आणि प्रत्येक भिंतीची जाडी १.२ मिलिमीटर मानली, तर एकूण ६४ छिद्रांतून सुमारे ३.९ घन सेंटिमीटर धातू निघतो. त्याचे वजन भरते साधारण साडेदहा ग्रॅम. दोन्ही चाकांचे मिळून २१ ग्रॅम. २१ ग्रॅम म्हणजे पाण्याचा एक मोठा घोट.

स्वार व सायकल मिळून ८५ किलोग्रॅम धरले, तर सिग्नलवर थांबून ताशी १८ किलोमीटरचा वेग गाठण्यास सुमारे १,०६० ज्यूल ऊर्जा लागते. २१ ग्रॅमच्या छिद्रांमुळे, दुपटीचे तत्त्व लावूनही, त्यांपैकी जेमतेम अर्धा ज्यूल वाचतो. म्हणजे दोन हजार भागांत एक भाग. नागपूर शहर बहुतांशी सपाट असल्याने येथे चढावरील बचतीचाही प्रश्न फारसा उद्भवत नाही.

डॉ. समर्थ यांनी पूर्ण केलेल्या शर्यतीचे उदाहरण घेतले तरी निष्कर्ष बदलत नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओशनसाइडपासून पूर्वेकडील ॲनापोलिसपर्यंतच्या ४,८०० किलोमीटरांहून लांब मार्गावर एकूण चढाई सुमारे ५०,००० मीटर मानली, तर २१ ग्रॅम वजन तितके वर नेण्यास सुमारे १०,३०० ज्यूल लागतात. मानवी शरीर अन्नातील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्सा यांत्रिक कार्यात रूपांतरित करते, हे जमेस धरता संपूर्ण शर्यतीतील बचत सुमारे १० किलोकॅलरी होते. एका लहान चमचाभर साखरेत याहून अधिक ऊर्जा असते.

छिद्रांची किंमत :

लाभ इतका अल्प असताना त्यासाठी काय मोजावे लागते, हे समजण्यासाठी सायकलीच्या चाकाची रचना लक्षात घ्यावी लागते. बैलगाडीच्या लाकडी चाकात भार तुंब्याखालील आऱ्यांवर उभा राहतो. सायकलीचे बारीक तारेचे आरे असा दाब सोसू शकत नाहीत. म्हणून ते आधीच ताणून बसविलेले असतात. भार पडला की खालच्या आऱ्यांतील ताण काहीसा कमी होतो, इतकेच. या सर्व ओढीचा प्रतिकार रिम करते. ३२ आऱ्यांपैकी प्रत्येकात १,००० न्यूटन ताण असेल, तर रिमच्या प्रत्येक छेदावर सुमारे ५,१०० न्यूटन दाब असतो. रिकामी उभी असलेली सायकलसुद्धा हा भार अहोरात्र वाहत असते.

छिद्रामुळे केवळ धातू कमी होत नाही. उरलेल्या धातूतील प्रतिबल, म्हणजे एकक क्षेत्रफळावर येणारे बल, छिद्राच्या कडेशी एकवटते. रुंद पत्र्यातील लहान वर्तुळाकार छिद्राच्या कडेला प्रतिबल मूळच्या तिप्पट होते, हे जर्मन अभियंता किर्श यांनी १८९८ मध्ये गणिताने दाखविले. रिमची भिंत मात्र रुंद पत्रा नव्हे. १६ मिलिमीटर रुंदीच्या भिंतीत ८ मिलिमीटरचे छिद्र पाडल्यास निम्मी रुंदीच नाहीशी होते आणि कडेचे प्रतिबल मूळच्या चौपटीहून अधिक होते.

दाबाखालील धातूत भेग सहजी उघडत नाही, असा आक्षेप येथे घेता येईल. तो अंशतः खरा आहे. परंतु प्रत्येक आऱ्याचे निपल रिमच्या भिंतीला केंद्राकडे खेचत असते, त्यामुळे भिंत स्थानिक पातळीवर वाकते आणि तेथे ओढीचे प्रतिबलही निर्माण होते. वापरातील रिमना निपलच्या छिद्रांभोवती भेगा पडतात त्या यामुळेच. खड्ड्यातील आघाताने रिम दोन आऱ्यांच्या मध्ये वाकू पाहते, आणि नवी छिद्रे नेमकी तेथेच असतात.

शिवाय हा प्रश्न एका आघाताचा नसून धातूच्या शिणवट्याचा आहे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात रिमचा प्रत्येक भाग एकदा भाराखालून जातो. चाकाचा परीघ २.१ मीटर धरल्यास ४,८०० किलोमीटरांत सुमारे २३ लाख फेरे होतात. पोलादाला शिणवट्याची एक निश्चित मर्यादा असते. तिच्या आतील प्रतिबल ते दीर्घकाळ सोसते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी स्पष्ट मर्यादा नाही. हातड्रिलने पाडलेल्या छिद्राची खडबडीत कड ही भेगेची आयती सुरुवात ठरते. रिम तुटण्याचा प्रसंग, विशेषतः पुढील चाकाबाबत, स्वाराच्या जीवावर बेतू शकतो.

छिद्रांकित रिम सर्वत्र अयोग्यच, असे मात्र नाही. वाळू व बर्फावर चालणाऱ्या जाड टायरच्या सायकलींना कारखान्यातूनच मोठी छिद्रे असलेल्या रिम बसविल्या जातात. तेथे रिम बरीच रुंद असते, टायरमधील हवेचा दाब अल्प असतो आणि छिद्रे मूळ आराखड्यातच हिशेबात घेतलेली असतात. अरुंद रिमच्या टायरमध्ये दाब सुमारे १०० पौंड प्रति चौरस इंच असतो. अशा वेळी टायरकडील ८ मिलिमीटरच्या प्रत्येक छिद्रावर रिमपट्टीला सुमारे ३५ न्यूटन बल सोसावे लागते. पट्टी खचली की ट्यूब फुटते.

तत्त्वाची दुसरी बाजू :

परिघावरील वस्तुमान नेहमीच ओझे असते, असा ग्रह होऊ नये. नागपूर येथील प्रा. जे. पी. मोडक व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेले मानवचलित प्रचक्र यंत्र याचे उत्तम उदाहरण आहे. प्रा. मोडक व बापट यांचा या यंत्राच्या प्रायोगिक प्रतिमानावरील शोधनिबंध १९९४ मध्ये 'अप्लाइड एर्गोनॉमिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या यंत्रात माणूस सायकलीसारखी पायडले मारून प्रचक्राला, म्हणजे फ्लायव्हीलला, गती देतो. नंतर क्लचद्वारे ती साठलेली ऊर्जा अल्पावधीत विटा तयार करण्यासारख्या कामासाठी वापरली जाते.

यामागील गणित सोपे आहे. एखाद्या व्यक्तीने ६० सेकंद १०० वॅट शक्ती दिली, तर घर्षणातील घट वगळता ६,००० ज्यूल ऊर्जा साठते. तीच ५ सेकंदांत खर्च केली तर १,२०० वॅट, म्हणजे दीड अश्वशक्तीहून अधिक शक्ती मिळते. मिनिटाला ५०० फेरे घेणाऱ्या प्रचक्रात इतकी ऊर्जा साठविण्यास अर्धा मीटर त्रिज्येच्या परिघावर सुमारे १७.५ किलोग्रॅम वस्तुमान पुरते; त्रिज्या निम्मी केल्यास चौपट, म्हणजे सुमारे ७० किलोग्रॅम लागते. शर्यतीच्या सायकलीत नकोसे वाटणारे परिघावरील वजन येथे यंत्राचे भांडवल होते.

निष्कर्ष :

१) रिममधील वजन वेग बदलताना दुप्पट भरते, समान वेगात व चढावर नाही.

२) अरुंद रिमला छिद्रे पाडून मिळणारी बचत सुमारे २१ ग्रॅम असते आणि तिचा परिणाम नगण्य ठरतो. १०० ग्रॅमच्या दोन ट्यूबऐवजी ७० ग्रॅमच्या दोन ट्यूब बसविल्यास, रिमला धक्का न लावता, चाकाच्या परिघाजवळूनच ६० ग्रॅम वजन कमी होते.

३) छिद्रांमुळे प्रतिबल अनेक पटींनी वाढते व शिणवट्याचा धोका बळावतो. आराखड्यात नसलेली छिद्रे घरी वा दुकानात पाडणे म्हणूनच धोकादायक आहे.

४) वस्तुमान किती, याइतकेच ते कोठे आहे व कशासाठी आहे, हे महत्त्वाचे असते. सायकलीची रिम आणि नागपुरातील प्रचक्र यंत्र ही दोन उदाहरणे एकत्र मांडल्यास भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी, शारीरिक शिक्षण व ग्रामीण तंत्रज्ञान या विषयांच्या अध्यापकांना हे तत्त्व विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या वस्तूंतून शिकविता येईल. सायकलीला ड्रिल लावण्यापूर्वी विद्यार्थ्याने वरील चार ओळींचा हिशेब स्वतः करून पाहिला, तरी या अध्यापनाचा हेतू साध्य होईल.