बातम्यांआधी रेडिओवर 'टूं-टूं' का वाजतं? आणि फोन असताना ते आजही कामाचं आहे का?

समजा, नाशिक जिल्ह्यातल्या पेठमध्ये मुसळधार पाऊस सुरू आहे. लाइट गेलीये, फोनला नेटवर्क नाही. उद्या सकाळी परीक्षा केंद्राचं गेट ठरल्या वेळी बंद होणार. भिंतीवरचं घड्याळ एक वेळ दाखवतंय, मनगटावरचं दुसरी. मग गजर लावायचा कोणत्या घड्याळावर?

पूर्वी घरोघरी याचं उत्तर सोपं होतं. रेडिओ लावायचा आणि बातम्यांआधीच्या 'टूं-टूं'वर घड्याळ जुळवायचं.

हे 'टूं-टूं' आलं कुठून?

५ फेब्रुवारी १९२४ रोजी बीबीसीने ग्रीनिच वेधशाळेच्या घड्याळावर चालणारे सहा ठोके ऐकवायला सुरुवात केली. आज त्यातले पाच छोटे असतात आणि सहावा लांब. लांब ठोका सुरू होतो, त्याच क्षणी नवा तास सुरू होतो. आकाशवाणीनेही बातम्यांआधी असे ठोके ऐकवले.

रेडिओलहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. म्हणजे १,००० किलोमीटर अंतराला सेकंदाचे फक्त ३ हजारावे भाग लागतात.

अ‍ॅपवरचा रेडिओ चालेल?

गाण्यांसाठी हो, घड्याळासाठी नाही. इंटरनेटवरून येणारा आवाज आधी साठवला जातो, मग वाजतो. त्यात काही सेकंद जातात. त्यावर लावलेलं घड्याळ तेवढंच मागे राहतं.

परदेशातलं 'रेडिओ घड्याळ' इथे का जुळत नाही?

जर्मनी, अमेरिका, जपानमध्ये खास केंद्रं सतत वेळेचे संकेत पाठवतात. घड्याळ ते पकडून स्वतःच जुळतं. भारतात अशा घड्याळांसाठी केंद्र नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची 'एटीए' ही शॉर्टवेव्ह सेवा होती, तीही बंद झाली. त्यामुळे नातेवाइकांनी हौसेने आणलेलं घड्याळ इथे साध्या घड्याळासारखंच चालतं.

मग भारताची वेळ ठरवतं कोण?

हीच प्रयोगशाळा, अणुघड्याळांच्या मदतीने. ही वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळची. पेठ साधारण ७३.५ अंशांवर आहे. एका अंशाला ४ मिनिटं धरली, तर पेठचा सूर्य घड्याळापेक्षा जवळपास ३६ मिनिटं मागे! म्हणून सूर्य बघून घड्याळ लावता येत नाही.

या फरकावरून मुंबईत मोठा वाद झाला होता. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, पण ३९ मिनिटं मागे असलेली 'बॉम्बे टाइम' शहरात १९५५ पर्यंत टिकून होती.

आता पुढे काय?

बँका, वीज आणि दूरसंचार यंत्रणांना सेकंदाच्या बारीक भागापर्यंत एकच वेळ लागते. त्यासाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये भारतीय प्रमाणवेळ सगळीकडे बंधनकारक करणाऱ्या नियमांचा मसुदा मांडला.

आणि पेठमधला तो गजर?

फोनवरच लावा. 'ऑटोमॅटिक टाइम' सुरू असेल, तर नेटवर्क असताना फोन वेळ जुळवून घेतो. नेटवर्क गेल्यावर तो आतल्या क्वार्ट्झ घड्याळावर चालतो. त्यात एक-दोन दिवसांत फार तर काही सेकंदांचा फरक पडतो. खरी काळजी चार्जिंगची. फोन बंद पडणार असेल, तर त्याआधीच भिंतीवरचं घड्याळ त्याच्याशी जुळवून घ्या. आणि घरात सेलवरचा रेडिओ असेल, तर तो भंगारात देऊ नका.