रस्ता म्हणजे बांधी नव्हे

गेटपासून होस्टेलपर्यंतच्या आपल्या रस्त्याची ओळख करून द्यायची गरज नाही. उन्हाळ्यात आपण त्याची धूळ खातो आणि पावसाळ्यात तो आपल्या चपला खातो. दर जुलैला मुरुमाचे टिप्पर येतात, पाणी भरलेल्या खड्ड्यांत मुरूम ओततात आणि पोळा येईपर्यंत खड्डे पुन्हा जागच्या जागी हजर! मागच्या पावसाळ्यात मेसच्या काकू अशाच एका खड्ड्यात सायकलवरून पडल्या. मनगट मोडलं, दीड महिना हात प्लॅस्टरमध्ये. वाईट याचं वाटतं की तो खड्डा पंधरा दिवसांपूर्वीच बुजवलेला होता. म्हणजे मुरूम कमी पडला नव्हता. मग कमी काय पडलं? आम्ही सिव्हिलची पोरं, निदान एवढं तरी सांगता आलं पाहिजे म्हणून हा लेख.

पाणी धरायचं की घालवायचं?

आपला गोंदिया जिल्हा धानाचा. वर्षाला सरासरी १२०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. इथल्या शेतकऱ्याची सारी हुशारी पाणी धरून ठेवण्यात आहे. बांधीला चारही बाजूंनी धुरे, मध्ये सपाट जमीन आणि रोवणीच्या आधी चिखलणी. चिखलणीमुळे मातीतली छिद्रं बुजतात, खाली घट्ट थर तयार होतो आणि पाणी जिरत नाही. धानाला हेच हवं असतं.

आता आपला रस्ता बघा. दोन्ही कडांना गवत आणि वर्षानुवर्षं साचलेली माती, म्हणजे झाले धुरे. मधला भाग चाकांनी दबून खोलगट झालेला, म्हणजे पाणी साचायची सोय झाली. त्यातून दिवसभर गाड्या जातात, म्हणजे चिखलणीही झाली. प्रत्येक चाकासोबत गढूळ पाणी बाहेर उडतं आणि मुरुमाला बांधून ठेवणारी बारीक माती त्या पाण्यासोबत निघून जाते. उरतात ते सुटे खडे. राजेहो, आपण रस्ता नाही, बांधी तयार केली आहे. फक्त रोवणी बाकी आहे!

थोडा हिशोब करू. समजा ३०० मीटर लांब आणि ३.७५ मीटर रुंद रस्ता आहे. क्षेत्रफळ झालं ११२५ चौरस मीटर. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस आला तर या रस्त्यावर १ लाख १२ हजार ५०० लिटर पाणी पडतं. म्हणजे १० हजार लिटरचे अकरा टँकर. या पाण्याला बाजूला जायला वाट दिली नाही, तर ते रस्त्याच्या मधूनच वाट काढणार. आणि रस्त्यावरचा फक्त १ सेंटीमीटर थर गेला, तरी जवळपास ४ ब्रास मुरूम गेला असं समजा.

रस्त्याला आढं हवं

कवेलूच्या घराचं आढं मध्ये उंच असतं आणि दोन्ही पाखी उतरत्या असतात. मुरुमाच्या रस्त्याचंही तसंच. या उताराला आपण कॅम्बर म्हणतो. डांबरी रस्त्याला तो कमी चालतो, पण मुरुमाच्या किंवा खडीच्या रस्त्याला जास्त पावसाच्या भागात ४ टक्के धरतात. वरच्या उदाहरणात मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर १.८७५ मीटर. त्याचे ४ टक्के म्हणजे साडेसात सेंटीमीटर. रस्त्याचा मध्य कडेपेक्षा साधारण चार बोटं उंच हवा, इतकं सोपं आहे. दोरी, दोन खुंट्या आणि गवंड्याची पाण्याची नळी एवढ्यावर हे मोजता येतं.

पण नुसता कॅम्बर पुरत नाही. कडेचं गवत आणि माती काढली नाही, तर पाणी कडेपर्यंत येतं आणि तिथंच अडतं. कड मोकळी हवी, कडेला नाली हवी आणि नालीला पुढे तोंड हवं. आपल्या जिल्ह्यातले जुने मामा तलाव आठवा. पाणी धरण्यासाठीच बांधलेला तलाव, पण त्यालाही जादा पाणी जायला सांडवा ठेवलेला असतो. मग रस्त्याला तर वाट हवीच.

स्कॉटलंडच्या जॉन मॅकॅडमनं दोनशे वर्षांपूर्वी हाच मुद्दा मांडला होता. वजन शेवटी खालची जमीन पेलते, म्हणून ती कोरडी ठेवा, असं त्याचं म्हणणं होतं. आपण ज्याला वॉटर बाउंड मॅकॅडम म्हणतो, त्यातलं मॅकॅडम हे नाव त्याचंच.

कोणता मुरूम चांगला?

गोंदिया जंक्शनवर रुळाखाली गिट्टी असते. तिच्यात माती नको असते, पाणी लगेच निघून गेलं पाहिजे. रस्त्यावर मात्र नुसती गिट्टी टाकली तर ती गोट्यांसारखी सरकते आणि दुचाकी घसरते. उलट नुसती माती टाकली तर चिखल. चांगल्या मुरुमात तिन्ही गोष्टी लागतात. वजन पेलायला खडे, मधल्या फटी भरायला वाळू आणि बांधायला थोडी चिकणमाती. रव्याच्या लाडवात पाक असतो तेवढंच काम चिकणमातीचं. पाक जास्त झाला तरी लाडू बिघडतो.

टिप्पर रिकामा होण्याआधी एक सोपी चाचणी करता येते. काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत मुरूम घ्या, पाणी भरा, जोरात हलवा आणि ठेवून द्या. खडे आणि वाळू लगेच तळाला बसतात, बारीक माती सावकाश वर थर धरते. दुसऱ्या दिवशी बरणीकडे बघितलं की आपण काय विकत घेतो आहोत याचा अंदाज येतो.

खड्डा कसा बुजवायचा?

पाण्यात मुरूम ओतणं म्हणजे खड्डा बुजवणं नाही. आधी पाणी बाहेर काढा आणि ते तिथं का साचलं ते शोधा. तळाचा चिखल फावड्यानं उपसा. मग कुदळीनं खड्ड्याच्या बाजू उभ्या कापा. बशीसारख्या उतरत्या कडेवर नवा मुरूम टिकत नाही, चाक त्याला बाहेर ढकलतं. कापलेल्या बाजू थोड्या ओल्या करा आणि सात-आठ सेंटीमीटरच्या थरांनी मुरूम भरा. प्रत्येक थर धुमसानं ठोका. शेवटचा थर आजूबाजूपेक्षा किंचित उंच ठेवा, कारण गाड्या गेल्यावर तो थोडा बसणारच.

इथं लॅब आठवते. २.६ किलोचा रॅमर ३१ सेंटीमीटरवरून टाकत, तीन थर आणि प्रत्येक थराला २५ ठोके देत आपण प्रॉक्टर टेस्ट करतो आणि जर्नलमध्ये आलेख काढून मोकळे होतो. तो आलेख सांगतो की फार कोरडी माती नीट दबत नाही आणि फार ओलीही दबत नाही. मधे एक योग्य ओलावा असतो. मूठभर मुरूम दाबून बघा. गोळा होऊन हाताला चिखल लागत नसेल आणि बोटानं दाबल्यावर गोळ्याचे दोन-तीन तुकडे होत असतील, तर ओलावा ठीक आहे.

खडखडाट कुठून येतो?

मुरुमाच्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडतात. दुचाकीवर दात वाजतात ते यामुळेच. २००७ साली फ्रान्स, कॅनडा आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी फिरत्या टेबलावर वाळू पसरून तिच्यावर चाक चालवलं. चाकाला स्प्रिंग नसली तरी लाटा पडल्या, पण ठरावीक वेगाच्या खाली त्या पडल्या नाहीत. म्हणजे लाटांचं एक कारण आपला वेग आहे. एकदा पडलेल्या लाटांवर नुसता मुरूम पसरला तर त्या पुन्हा वर येतात. लाटेच्या तळापर्यंत रस्ता खरवडून, पुन्हा पसरून, पाणी मारून रोलर फिरवावा लागतो. आणि रोवणीच्या दिवसांत केजव्हील लावलेला ट्रॅक्टर या रस्त्यावरून जाऊ देऊ नये. ती लोखंडी चाकं चिखलणीसाठीच असतात, ती रस्त्याचीही चिखलणीच करतात.

वर्षाचं वेळापत्रक

मे महिन्याच्या शेवटी, मृग लागायच्या आत, नाल्या आणि कडा साफ कराव्या. पावसाळ्यात फावडं घेऊन फक्त पाण्याला वाट द्यावी आणि खड्ड्याजवळ काठी रोवून लाल फडकं बांधावं, मोठी दुरुस्ती करू नये. खरं काम दसरा-दिवाळीच्या सुमारास करायचं. तेव्हा पाऊस थांबलेला असतो, पण जमिनीत ओल असते. ट्रॅक्टरच्या ब्लेडनं कडेला गेलेला मुरूम मध्ये ओढून कॅम्बर परत द्यावा, मग कमी पडेल तेवढाच नवा टाकावा आणि रोलर फिरवावा. आपण मात्र सगळा खर्च जुलैमध्ये करतो, जेव्हा मुरूम सर्वांत ओला असतो.

मुरूम हे गौण खनिज आहे. त्यासाठी परवानगी आणि स्वामित्वधन लागतं आणि प्रत्येक ब्रासमागे कुठली तरी टेकडी खरवडली जाते. नालीतून तो वाहून जाऊ देणं परवडणारं नाही.

येत्या दिवाळीच्या सुट्टीआधी एका रविवारी एनएसएसची मुलं, सिव्हिल विभाग आणि होस्टेलचे कर्मचारी मिळून निदान कडा आणि नाल्या मोकळ्या करू. दोरी-खुंट्या आम्ही आणतो, फावडी स्टोअरमधून मिळतील. वॉर्डन सरांनी रोलर एक दिवसासाठी मिळवून दिला तर उत्तमच. काकू अजूनही त्याच रस्त्यानं पहाटे साडेपाचला येतात, फक्त आता सायकल हातात धरून चालत येतात. त्यांना पुन्हा सायकलवर बसता आलं, म्हणजे आपला रस्ता पास झाला असं समजू.