अंड्याचं माप घेणारी माशी

सायले, इकडं ये. हे कार्ड कडेनं धर, मधे बोट लावू नकोस. काळी खसखस चिकटवल्यासारखं दिसतंय ना? ती खसखस नव्हे, अंडी आहेत. एका कार्डावर जवळजवळ २० हजार. याला ट्रायकोकार्ड म्हणतात.

परवा तुझ्या आजीनं तांदूळ निवडताना जाळी केलेली अळी बाहेर टाकली, आठवतंय? तिचाच पुढं पतंग होतो आणि अशी अंडी घालतो. प्रयोगशाळेत तो पतंग ज्वारीच्या भरड्यावर मुद्दाम वाढवतात. त्याची अंडी गोळा करून त्यांच्यावर अतिनील किरण सोडतात, म्हणजे आतून अळी निघत नाही. मग ही अंडी ट्रायकोग्रामा नावाच्या माशीपुढं ठेवतात. गांधीलमाशीच्या गोतातली, पण डंखबिंख काही नाही. लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पंखांच्या कडेला झालरीसारखे केस.

आता खरी गंमत ऐक. ही माशी दुसऱ्याच्या अंड्यावर चढते, मिशांनी ते ठोकत ठोकत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते. कशासाठी? माप घ्यायला! चालायला किती वेळ लागला, त्यावरून तिला कळतं, अंडं केवढं आणि आत किती पिल्लांचं पोट भरेल. अंडं लहान असेल तर आपलं एकच अंडं आत सोडते, मोठं असेल तर जास्त. आधीच कुणी दुसरीनं अंडं घातलेलं असेल तर तेही तिला बहुधा ओळखू येतं आणि ती पुढं जाते. पट्टी नाही, तराजू नाही. मला हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री झोप लागली नाही.

तिचं पिल्लू अंड्याच्या आतला रस खाऊन वाढतं. तीन-चार दिवसांत अंडं काळं पडतं, म्हणून तर हे कार्ड असं काळपट आहे. आठ-दहा दिवसांत माशी बारीक भोक पाडून बाहेर येते.

आता आपला ऊस बघ. खोडकिडीची मादी पानाच्या खालच्या बाजूला ओळीनं अंडी घालते. चार-सहा दिवसांत अळ्या निघतात, कोंबात शिरतात आणि मधला पोंगा वाळतो. ओढला की सहज हातात येतो, कुजका वास मारतो. एकदा अळी आत गेली की वरून औषध मारून काय उपयोग? मी ते वर्षानुवर्षं केलं, बाळा. अळी आत सुखरूप राहायची, आणि बाहेर उडणाऱ्या अशा कितीतरी माश्या मीच मारल्या. आज विचार केला की वाईट वाटतं. ही माशी मात्र अळी जन्मायच्या आधीच, अंड्यातच गाठते. म्हणून खोडकीड दिसायच्या सुमारास कार्डं लावायला हवीत. पोंगे वाळल्यावर धावून काही होत नाही.

कात्री घे. बारीक पट्ट्या कर, हळू. संध्याकाळी लावायच्या, उन्हात नाही. पानाच्या खालच्या बाजूला पिन मार, म्हणजे सावलीही मिळते. पट्टी जमिनीला टेकू देऊ नकोस, मुंग्या उचलून नेतात. उसासाठी या माशीची जी जात वापरतात तिचं नाव चिलोनिस. दहा-दहा दिवसांनी पुन्हा नवी कार्डं आणायची. त्या मधल्या दिवसांत फवारणीचा पंप शेडमधून काढायचा नाही, एवढी अट पाळायची.

भिंगाची काच आणलीस ना? धर इथं, या काळ्या अंड्यावर. टोकाशी बारीकसं भोक दिसतंय का? म्हणजे इथली निघून गेली. आता बघ वर, त्या पानावर काही हललं.