नळाचे पाणी का बदलते? गोंदिया जिल्ह्यातील समज आणि वस्तुस्थिती

घरच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा रंग, वास किंवा चव बदलली की त्याचा अर्थ लावण्याची घाई होते, आणि हा अर्थ बहुतेक वेळा डोळ्यांच्या व नाकाच्या साक्षीवर लावला जातो. ही साक्ष निरुपयोगी नसली तरी अर्धवट असते, कारण ठळकपणे दिसणारे बदल पुष्कळदा निरुपद्रवी ठरतात, तर आरोग्याला खरा धोका निर्माण करणारे बरेच घटक रंगहीन, गंधहीन व बेचव असतात. गोंदिया जिल्ह्यात हा फरक समजून घेणे अधिक गरजेचे आहे, कारण येथे पाण्याचे स्रोत अनेक आहेत आणि प्रत्येकाच्या बदलामागची कारणे वेगवेगळी आहेत.

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याच्या मुख्यालयाला, म्हणजे गोंदिया शहराला, महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या योजनेतून डांगोरली येथे वैनगंगेतून उचललेले पाणी शुद्ध करून पुरवले जाते. उन्हाळ्यात नदीचे पात्र आटते त्या वर्षी पुजारीटोला धरणातून पाणी सोडून ही गरज भागवावी लागते. ग्रामीण भागातील नळ योजना मात्र बहुधा विहिरींवर व विंधण विहिरींवर उभ्या असतात, आणि नळ येऊनही अनेक कुटुंबांत हातपंपाचे पाणी वापरात राहिलेले आहे. त्यामुळे ‘नळाचे पाणी’ या एकाच नावाखाली गोंदिया शहरात नदीचे, तर देवरी किंवा सालेकसा तालुक्यातील एखाद्या गावात खडकातले पाणी घरात येत असते.

पावसाळ्याच्या सुरुवातीला पाणी गढूळ आले म्हणजे शुद्धीकरण बंद पडले, अशी समजूत सर्वत्र ऐकू येते. वैनगंगेचा उगम मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात असून ती बालाघाटच्या बाजूने गोंदियाच्या सीमेवर येते, म्हणून गोंदियात पावसाचा थेंबही पडलेला नसताना वरच्या खोऱ्यातील पहिल्या मोठ्या पावसाने डांगोरलीचे पाणी लाल-तांबडे होऊ शकते. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म मातीकणांमुळे प्रकाश विखुरला जाऊन जो धूसरपणा येतो त्याला गढूळता म्हणतात. ती एनटीयू या एककात मोजली जाते आणि भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ नुसार पिण्याच्या पाण्यात ती १ एनटीयूपर्यंत स्वीकारार्ह, तर दुसरा स्रोत नसल्यास ५ पर्यंत चालवून घेण्याजोगी मानली जाते. मातीचे कण ऋण विद्युतभारामुळे एकमेकांना दूर लोटतात व तरंगत राहतात. तुरटीतील अॅल्युमिनियम हा भार नाहीसा करते, कण एकत्र येऊन जड होतात व तळाशी बसतात. पूर्व विदर्भाच्या जंगलात आढळणाऱ्या निवळीच्या झाडाचे बी घासून पाणी नितळ करण्याची जुनी रीतही कण असेच एकत्र येऊन तळाशी बसण्यावर आधारलेली आहे. नदीची गढूळता काही तासांत अनेक पटींनी वाढते तेव्हा तुरटीची मात्रा तेवढ्याच वेगाने बदलावी लागते, आणि त्या अवधीत थोडे धूसर पाणी सुटण्याची शक्यता असते.

गढूळता केवळ दिसायला वाईट असते, हाही तितकाच चुकीचा समज आहे. मातीच्या कणांआड जंतू दडून राहतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीच सेंद्रिय मळ त्याचा बराचसा भाग खर्च करून टाकतो, म्हणून गढूळ पाण्यात नेहमीच्या मात्रेचे निर्जंतुकीकरण अपुरे पडते. घरी तुरटी फिरवून पाणी काचेसारखे झाले तरी ते निर्जंतुक झालेले नसते, ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागते, कारण पावसाळ्यातील अतिसाराच्या साथींमध्ये नितळ दिसणारे पाणी निर्धास्तपणे प्यायले जाते आणि त्याची किंमत लहान मुलांना मोजावी लागते.

क्लोरीनच्या वासाबाबतचा गैरसमज याहून खोल रुजलेला आहे. पाण्याला ‘दवाईचा’ वास आला की औषध जास्त पडले, असे म्हणून ते पाणी ओतून दिले जाते किंवा उघड्या विहिरीचे पाणी त्याऐवजी प्यायले जाते. क्लोरीन वायू किंवा ग्रामपंचायतीत टीसीएल या नावाने ओळखली जाणारी ब्लिचिंग पावडर पाण्यात मिसळली की हायपोक्लोरस आम्ल तयार होते व तेच मुख्यतः जंतू मारते. हे काम तत्काळ होत नाही, त्याला किमान अर्धा तास लागतो. पाण्यातील मळाची गरज भागून जो क्लोरीन शिल्लक राहतो त्याला मुक्त अवशिष्ट क्लोरीन म्हणतात, आणि मानकानुसार तो दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, म्हणजे वाटेत शिरणाऱ्या जंतूंनाही तो पुरून उरतो. सौम्य वास हा या पहाऱ्याचा पुरावा समजावा. पाण्यात अमोनिया असल्यास, म्हणजे सांडपाण्याचा किंवा कुजलेल्या पदार्थांचा संपर्क आला असल्यास, क्लोरीनची त्याच्याशी संयुगे होतात. त्यांना क्लोरामाइन म्हणतात. त्यांतील काहींचा वास मुक्त क्लोरीनपेक्षा उग्र असून जंतू मारण्याची ताकद कमी असते. त्यामुळे अचानक आलेला उग्र वास पुष्कळदा क्लोरीन जास्त झाल्याचे नव्हे, तर मळाच्या मानाने तो कमी पडल्याचे लक्षण असतो.

उलट बाजूने, वासच येत नाही म्हणून पाणी ‘नैसर्गिक’ आहे असे मानणे अधिक धोक्याचे आहे. ताज्या ब्लिचिंग पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो, पण उष्णता व दमट हवा यांनी तो उडून जातो, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या या जिल्ह्यात पत्र्याच्या खोलीत उघड्या पोत्यात ठेवलेली पावडर काही आठवड्यांत निव्वळ चुन्यासारखी उरते. ती टाकल्याची नोंद वहीत होते, मात्र पाण्यात क्लोरीन नसतो. ग्रामीण महाराष्ट्रात जलसुरक्षक करतात ती ओटी चाचणी, ज्यात ऑर्थोटोलिडीन या द्रावणाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे होते, ती याच कारणासाठी असते, आणि ती टाकीजवळ नव्हे तर गावाच्या शेवटच्या नळावर घेतली तरच उपयोगी ठरते. क्लोरीनमुळे निर्माण होणाऱ्या उपउत्पादनांविषयी जी भीती पसरवली जाते, तिच्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका स्पष्ट आहे: अपुऱ्या निर्जंतुकीकरणाच्या धोक्यापुढे हा धोका अत्यल्प आहे.

शुद्धीकरण केंद्रातून चांगले पाणी निघाले म्हणजे घरी चांगलेच येणार, हा समज मोडून काढणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण पाण्याचे बरेच बिघाड केंद्र आणि घर यांच्या दरम्यान होतात. चोवीस तास पुरवठा नसलेल्या ठिकाणी दिवसातून थोडाच वेळ पाणी येते आणि उरलेला वेळ वाहिनी रिकामी राहते. भरलेल्या वाहिनीत दाब असल्यामुळे गळतीतून पाणी बाहेर जाते. दाब जाताच त्याच भेगेतून बाहेरचे पाणी आत खेचले जाते, आणि गल्लीत नळजोडणीचा पाइप नालीतून किंवा नालीलगत नेलेला असेल तर ते पाणी कोणते असेल हे उघड आहे. जास्त पाणी मिळावे म्हणून नळाला थेट जोडलेला टिल्लू पंप हे ओढणे आणखी वाढवतो, आणि त्याचा परिणाम तो पंप लावणाऱ्या घराबरोबर शेजारच्या घरांनाही भोगावा लागतो. म्हणून पाणी आल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पाणी पिण्यासाठी न भरता धुण्याभांड्याला किंवा झाडांना वापरावे.

याच रिकाम्या वाहिनीमुळे आणखी दोन बदल घडतात, ज्यांचा अर्थ हमखास चुकीचा लावला जातो. पाणी दुधासारखे पांढरे आले की चुना किंवा पावडर जास्त झाल्याची तक्रार होते. वास्तविक वाहिनीत अडकलेली हवा दाबाखाली पाण्यात विरघळते व नळ उघडताच सूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. असे पाणी काचेच्या पेल्यात ठेवल्यास मिनिट-दोन मिनिटांत तळापासून वर नितळ होत जाते, आणि ते पिण्यात काहीही गैर नाही. पांढरेपणा खाली साका होऊन बसला तरच तो क्षारांचा किंवा पावडरच्या न विरघळलेल्या भागाचा असतो. लालसर पाणी बहुधा जुन्या लोखंडी पाइपांतील गंजाचे असते. विंधण विहिरीचे पाणी मात्र उपसताना स्वच्छ असून गुंडीत तासभर ठेवल्यावर पिवळे पडत असेल, तर जमिनीखाली प्राणवायूअभावी विरघळलेले लोह हवेशी संयोग पावून गंजरूप घेत आहे, असे समजावे. लोहाने भात पिवळसर होतो, कपड्यांवर डाग पडतात, चव तुरट लागते, पण सामान्य प्रमाणात त्याने विषबाधा होत नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी येणारा मातकट वासही असाच फसवा आहे. उथळ, तापलेल्या, साचलेल्या पाण्यात वाढणारी विशिष्ट शेवाळे व जिवाणू जिओस्मिन नावाचे द्रव्य सोडतात, आणि माणसाचे नाक ते लिटरमागे सुमारे दहा नॅनोग्रॅम इतक्या नगण्य प्रमाणातही ओळखते. हा वास त्रासदायक असला तरी जिओस्मिन स्वतः अपायकारक नाही.

जितकी बोअर खोल तितके पाणी शुद्ध, या विश्वासाची मात्र गोंदियात कठोर तपासणी व्हायला हवी. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा असला, तरी हा जिल्हा त्याच्या बाहेर पडतो. येथे ग्रॅनाइट, नीस यांसारखे अतिप्राचीन खडक असून डोंगरगडच्या ग्रॅनाइटचा पट्टा शेजारच्या छत्तीसगडातून इकडे येतो. अशा खडकांतील काही खनिजांत फ्लोराइड असते, आणि पाणी जितके खोल व जितका दीर्घ काळ खडकाच्या फटींत राहते तितके ते अधिक विरघळते. केंद्रीय भूजल मंडळाने भूजलात मर्यादेपेक्षा जास्त फ्लोराइड आढळलेल्या राज्यातील जिल्ह्यांत गोंदियाची गणना केलेली आहे. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास वाढत्या वयातील मुलांच्या दातांवर डाग येतात व प्रमाण बरेच जास्त असल्यास हाडे-सांधे कायमचे ताठरतात. त्या पाण्याला रंग नसतो आणि वेगळी चवही लागत नाही. छत्तीसगडच्या अंबागड चौकी परिसरात याच भूशास्त्रीय पट्ट्यातील विहिरींत आर्सेनिक आढळले, तेही तितकेच अदृश्य होते. उथळ विहिरींना धोका वेगळा असतो: उन्हाळी धानाला दिलेला युरिया, गोठे व शोषखड्डे यांतून नायट्रेट झिरपते. मानकात त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम असून तीत सवलत नाही, कारण सहा महिन्यांखालील बाटलीवरच्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता त्याने घटते.

येथेच उकळण्याविषयीचा गैरसमज निस्तरावा लागतो. पाण्याला खळखळून उकळी आणल्याने जंतू मरतात, पण फ्लोराइड व नायट्रेट जात नाहीत, उलट वाफ निघून गेल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढते. कापडाने गाळण्याचेही मोल नेमके जाणावे. बांगलादेशात जुन्या साडीच्या चार घड्यांतून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलराचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, ते कॉलराचे जंतू सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतात व ते जलचर कापडात अडकतात म्हणून. मोकळे जंतू त्यातून सहज पार होतात. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवल्याने काही जिवाणू मरतात, पण विरघळलेल्या क्षारांवर त्याचा इलाज नाही.

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, दाखवणारे पेनसारखे यंत्र घेऊन विक्रेते दारोदार फिरतात, तेव्हा त्या आकड्याला शुद्धतेचा निकाल मानले जाते. हे यंत्र केवळ पाण्यातून वीज किती वाहते ते मोजते. त्याला जंतू दिसत नाहीत, आणि फ्लोराइड व साधे मीठ यांत फरक करता येत नाही. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस मानकानुसार स्वीकारार्ह आहे. याहून फसवा प्रयोग दोन धातूंच्या सळ्या पाण्यात बुडवून वीज सोडण्याचा. नळाचे पाणी तपकिरी होते व आरओचे, म्हणजे उलट परासरणाने क्षार वेगळे करणाऱ्या यंत्राचे, पाणी तसेच राहते, आणि घरातली माणसे घाबरतात. तो तपकिरी गाळ पाण्यातला नसून विजेमुळे झिजलेल्या लोखंडी सळीचा असतो, तर आरओच्या पाण्यात क्षार अत्यल्प असल्याने वीज फारशी वाहत नाही. जेथे फ्लोराइड खरोखर जास्त आहे तेथे आरओचे मोल मोठे आहे, आणि तेथे नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली, तुरटी व चुना वापरणारी नलगोंडा पद्धतही उपलब्ध आहे. मात्र नदीच्या कमी क्षारांच्या पाण्यासाठी आरओ लावणे म्हणजे एक लिटर मिळवताना बरेच पाणी मोरीत सोडणे होय.

पाणी बदलल्याचे जाणवल्यास प्रथम बदल एकाच घरात आहे की संपूर्ण गल्लीत, आणि तो पहिल्या धारेपुरता आहे की अखेरपर्यंत टिकतो, हे पाहावे. एकाच घरातील बदल बहुधा टाकीचा किंवा घरच्या पाइपाचा असतो, तर गल्लीभरचा बदल वाहिनीचा किंवा स्रोताचा असतो. ग्रामपंचायतींच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर असे वर्षातून दोनदा होते आणि जोखमीनुसार त्यांना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. ते कोणते मिळाले हे ग्रामसभेत विचारण्याचा प्रत्येक गावकऱ्याला हक्क आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे, आणि सविस्तर तपासणी शासकीय प्रयोगशाळेत होते. जंतूंच्या तपासणीसाठी नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन थंड ठेवून शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत, पोहोचवावा लागतो, तर फ्लोराइड व नायट्रेटसाठी वेगळा नमुना स्वच्छ प्लास्टिक बाटलीत घ्यावा. केवळ विहिरीचा किंवा टाकीचा नमुना देऊन गावाचे पाणी तपासले असे म्हणता येत नाही. वाहिनीच्या टोकाच्या, सर्वांत कमी दाबाने पाणी मिळणाऱ्या घराचा नमुना त्यासोबत हवा, आणि त्या घरात नळाला पंप जोडलेला नसेल तर अधिक चांगले.