एकच पालक असलेले घर आणि वाढत्या वयाचे मूल

बाबासाहेबांच्या बालपणीचा एक प्रसंग त्यांच्या चरित्रांत येतो. आई भीमाबाई गेल्या तेव्हा ते पाच-सहा वर्षांचे होते. पुढे वडिलांनी दुसरा संसार मांडला, तो लहान भीमाला रुचला नाही. साताऱ्याचे घर सोडून मुंबईच्या गिरणीत कामाला लागायचे त्याने ठरवले. गाडीभाड्यासाठी, शेजारी झोपणाऱ्या आत्याच्या कमरेची पैशांची पिशवी काढण्याचा प्रयत्न त्याने काही रात्री केला. शेवटी पिशवी हाती आली, पण आत निघाला अवघा अर्धा आणा. मुलगा वरमला आणि अभ्यासाला लागला.

आज नायगाव किंवा डिलाईल रोडच्या चाळीत एखाद्या मुलाने असे केले तर आपण काय म्हणतो? “आईविना पोर, दुसरे काय होणार!” मुलगा विधवेचा किंवा टाकलेल्या बाईचा असेल तर बोल तिलाच लागतो. म्हणून या पानावर आम्ही हा विषय घेत आहोत. एका पालकाच्या घरात मूल वाढले की ते गुन्ह्याकडे वळते, हे खरे आहे का?

अभ्यास सांगतात की, अशा घरांतील मुलांमध्ये सरासरीने हे प्रमाण थोडे जास्त आढळते. पण गरिबी, घरातील भांडणे आणि देखरेखीचा अभाव यांचा हिशेब केला की फरक बराच कमी होतो. लंडनमध्ये १९६१ पासून ४११ मुलांचा कित्येक वर्षे पाठपुरावा झाला. त्यात आईवडील एकत्र पण सतत भांडणारे, अशा घरांतील मुलेही मोडलेल्या घरांतील मुलांइतकीच गुन्ह्याकडे वळलेली दिसली. उलट घर मोडल्यावर आईजवळ राहिलेली मुले, सलोख्याच्या दोन-पालकी घरांतील मुलांसारखीच निघाली. म्हणजे दारू पिऊन रोज मारहाण करणारा बाप घरात आहे म्हणून मूल सुरक्षित, असे समजू नये.

गिरणगावाने हे पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यानंतर लालबाग-परळच्या काही पोरांना टोळ्यांनी ओढले. त्यांतल्या अनेकांचे बाप घरातच होते. गेला होता तो पगार, आणि पोरांपुढचा कामाचा रस्ता.

मग अडते कुठे? मोह आवरणारा आणि परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पूर्ण वाढतो. तोवर ‘थांब’ म्हणणारे मोठे माणूस जवळ लागते. एकटी आई सकाळी घरकामाला किंवा रुग्णालयात आयाच्या कामाला जाते, ती रात्री आठ-नऊला परतते. शाळा सुटल्यापासून ती येईपर्यंतचे तास रिकामे राहतात. नाक्यावरचा ‘भाई’ नेमका तेव्हाच चहा पाजतो, मोबाईल देतो, ‘एवढे पाकीट पोचव’ म्हणतो.

भीमाचे ते तास कोणी भरले? आत्या मीराबाईंनी मायेने सांभाळले. परळच्या एका खोलीत रामजीबाबा स्वतः जागे राहत आणि रात्री दोनला मुलाला अभ्यासाला उठवत. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाची कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपणहून चौकशी केली, त्याला पुस्तके दिली. हे गुरुजी ना नात्याचे, ना जातीचे.

आम्ही सुचवतो ते एवढेच. विहारात संध्याकाळी पाच ते नऊ अभ्यासिका उघडी ठेवावी आणि तिथे रोज तेच दोन-तीन मोठे लोक असावेत. शेजाऱ्यांनी आईला टोमणे मारण्याऐवजी मुलाला जेवलास का, म्हणून विचारावे. सिगालोवाद सुत्तात मुलाला वाईटापासून आवरणे, चांगल्याकडे वळवणे आणि हुन्नर शिकवणे ही आईवडिलांची कर्तव्ये सांगितली आहेत. आई एकटी पडते तिथे त्यातला वाटा वस्तीने उचलावा.

आईबापांनी काही खुणा ओळखाव्यात. शाळा बुडणे, अचानक आलेला पैसा किंवा महागडी वस्तू, जुने मित्र तुटणे, रात्रीची झोप उडणे, चिडचिड, डोळे लाल. मारू नका, बोला. गरज वाटल्यास केईएम किंवा नायर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे.

पैशाची ओढ असेल तर बालसंगोपन योजनेची चौकशी करा. एका पालकाच्या मुलांनाही अटींनुसार महिना २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात होतो.

आणि मूल पकडले गेलेच तर घाबरून दलालाला पैसे देऊ नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अठराखालील मुलाला कोठडीत टाकता येत नाही, बेडी घालता येत नाही. पोलिसांनी पालकांना लगेच कळवायचे असते आणि २४ तासांत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यायचे असते. मोफत वकील हा मुलाचा हक्क आहे. जामीन हा नियम, नाकारणे हा अपवाद. मंडळापुढे आई एकटी उभी राहू नये. विहारातले कोणीतरी तिच्याबरोबर जावे.

त्या पिशवीत अर्धा आणाच निघाला, म्हणून ते मूल वाचले असे नव्हे. त्याच्या मागे माणसे होती. आपल्या चाळीतल्या मुलांच्या मागे कोण आहे, हे प्रत्येक विहाराने एकदा मोजून पाहावे.

जय भीम!