रेकॉर्ड प्लेअर जुन्या स्टिरिओला जोडताना



'ध्वनी' शिकवत होतो, तेव्हा एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी घरचा रेकॉर्ड प्लेअर आणि जुना स्टिरिओ रिसीव्हर शाळेत आणला. जोडला, तर आवाज डासाच्या गुणगुणीएवढा! आजोबा हिरमुसले, "गेला वाटतं सर." पण बिघाड नव्हताच. वायर 'फोनो'ऐवजी 'ऑक्स'मध्ये गेली होती.

असं का होतं? रेकॉर्डच्या खाचेत सुई थरथरते. सुईच्या वरच्या छोट्या डबीला कार्ट्रिज म्हणतात. त्यात चुंबक हलतं आणि शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात वीज तयार होते. ही वीज फक्त ३ ते ५ मिलिव्होल्ट. पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, म्हणजे त्याच्या तीनशे ते पाचशे पट कमी! 'फोनो'मध्ये ती वाढवायची जादा सोय असते. शिवाय रेकॉर्ड बनवताना खर्ज कमी आणि तार स्वर जास्त ठेवलेले असतात, तेही तिथे पूर्ववत होतात.

काही जुन्या प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असतं. गॅस लायटरमध्ये स्फटिकावर दाब पडून ठिणगी पडते ना, तेच तत्त्व. याची वीज शेकडो मिलिव्होल्ट, म्हणून ते 'ऑक्स'ला जोडायचं. 'फोनो'ला जोडलं तर आवाज फाटतो.

जोडताना एवढं लक्षात ठेवा:

१. आधी दोन्ही यंत्रांचे प्लग काढा.
२. कार्ट्रिजच्या चार तारा: पांढरी डावी अधिक, निळी डावी उणे, लाल उजवी अधिक, हिरवी उजवी उणे. पिनेला डाग देऊ नका, उष्णतेने कार्ट्रिज खराब होतं. क्लिपच वापरा.
३. अर्थची सुटी तार रिसीव्हरच्या अर्थ स्क्रूला लावा, नाहीतर 'घूंऽऽ' असा आवाज येतो.
४. झिजलेली सुई बदला. ती खाच कायमची खरवडते.

वायर बदलली आणि गाणं वर्गभर घुमलं. मग आजोबांनी पिशवीतून बालगंधर्वांची ७८ वेगाची रेकॉर्ड काढली. मुलं ओरडली, "लावा ना सर!" पण त्या रेकॉर्डला जाड सुई लागते, आमच्याकडे होती बारीक. मुलांना कारण सांगितलं आणि रेकॉर्ड परत पिशवीत ठेवली. आता जाड सुई शोधतोय. मिळाली की पुढचा तास तिचाच!